कुत्र्याला प्राथमिक आज्ञा शिकवताना: आधी कृती, मग शब्द

घरी पिल्लू आले की पहिल्याच आठवड्यात घरातील प्रत्येक जण त्याच्यासमोर उभा राहून ‘सिट, सिट, सिट’ म्हणू लागतो. पिल्लू टक लावून पाहते, शेपटी हलवते आणि उभेच राहते. मग कोणीतरी त्याची कंबर दाबून त्याला खाली बसवतो आणि सगळे ‘शाब्बास’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाच प्रकार होतो. इथे क्रम उलटा झालेला असतो. ज्या शब्दाचा अर्थ कुत्र्याला ठाऊक नाही तो त्याला दहादा ऐकवला, तर मिक्सर, दारावरची बेल आणि टीव्ही यांच्यासारखाच तो घरातला एक आवाज होऊन बसतो आणि कुत्रा त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. आधी ती कृती कुत्र्याकडून सहज घडू लागावी आणि मगच तिला शब्द जोडावा, हा या लेखातील प्रत्येक टप्प्याचा पाया आहे.

पुढे नाव ऐकून पाहणे, बसणे, थांबणे, बोलावल्यावर येणे, लीशवर (फिरवताना धरायच्या दोरीवर) सैल चालणे आणि तोंडातली वस्तू सोडणे एवढ्याच गोष्टी घेतल्या आहेत. ‘शेकहँड’ आणि ‘नमस्कार’ पाहुण्यांसाठी असतात; ते सावकाश शिकवले तरी चालते. ही पद्धत आठ आठवड्यांच्या पिल्लापासून मोठ्या वयात घरी आणलेल्या कुत्र्यापर्यंत आणि गावठी कुत्र्यापासून लॅब्राडोरपर्यंत सर्वांना लागू पडते.

## टप्पा १: पूर्वतयारी

बहुतेकांचे शिक्षण इथेच फसते, कारण तयारी न करताच धडा सुरू होतो.

तब्येत. शिकवायला लागण्यापूर्वी कुत्र्याला पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. कान दुखत असलेला कुत्रा हाक मारल्यावर तोंड फिरवतो आणि कंबरेचा सांधा दुखत असलेला लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड बसायला टाळाटाळ करतो. मालकाला तो हट्टीपणा वाटतो. पिल्लाच्या लसींची प्राथमिक मालिका साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालते. ती पूर्ण होऊन पशुवैद्य परवानगी देईपर्यंत सर्व धडे घरातच द्यावेत आणि भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लाला सोडू नये. तरीही त्याला उचलून घेऊन रिक्षांचे आवाज, शाळेची मुले, पावसातल्या छत्र्या आणि हेल्मेट घातलेली माणसे दाखवावीत, कारण अनोळखी गोष्टी सहजपणे स्वीकारण्याचे त्याचे वय पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतच सरते.

जागा. घरातील सर्वांत कंटाळवाणी खोली निवडावी. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरतात म्हणून पुष्कळ कुत्री बसण्याचे टाळतात. सतरंजी किंवा योगा मॅट अंथरली की अर्धी अडचण तिथेच संपते.

खाऊ. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा असावा. तो लगेच गिळता यावा, चघळत बसावा लागू नये. उकडलेले चिकन, पनीर, उकडलेले अंडे किंवा गाजराचे बारीक तुकडे चालतात. खाऊचे प्रमाण दिवसभराच्या आहाराच्या साधारण दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये आणि तेवढे जेवण कमी करावे. ग्लुकोज बिस्किटांची सवय लावू नये.

> सावधान: चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड घटक) असलेले साखरविरहित पदार्थ कुत्र्यासाठी विषारी असतात. रश्श्यातले चिकनचे तुकडे पाण्याने धुऊन देण्याची पद्धत अनेक घरांत आहे, परंतु कांदा-लसणाचा अर्क त्या तुकड्यांत मुरलेला असतो. कुत्र्यासाठी चिकन वेगळे, नुसत्या पाण्यात उकडावे.

साधने. साधा रुंद गळपट्टा, छातीवरून जाणारा हार्नेस, दीड ते दोन मीटरची लीश आणि सात ते दहा मीटरची हलकी दोरी एवढे पुरते. आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा आणि बटण दाबून लांबणारी लीश विकत घेऊ नये. पहिल्या दोन्हींमुळे वेदना आणि भीती वाढते. तिसरीमुळे कुत्रा सतत ताण देऊन चालायला शिकतो, कारण ताण दिला की दोरी लांबते, असे ती लीशच त्याला शिकवत असते.

घरातला करार. कोणत्या कृतीसाठी कोणता शब्द वापरायचा हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावे. आई ‘बस’, मुलगा ‘सिट’ आणि आजोबा ‘बैस रे बाबा’ म्हणत असतील, तर कुत्र्याला एका कृतीसाठी तीन शब्द शिकावे लागतात. शब्द मराठी असो वा इंग्रजी, तो आखूड असावा आणि घरातल्या बोलण्यात सारखा येणारा नसावा. दिवसभर एकमेकांना ‘ये’ म्हणणाऱ्या घरात कुत्र्याला बोलावण्यासाठी ‘इकडे’ बरे. या लेखात बस, थांब, इकडे, सोड आणि मोकळे करण्यासाठी ‘सुट्टी’ हे शब्द धरले आहेत. जेवताना ताटातली पोळी द्यायची नाही, हेही त्याच कागदावर लिहावे. आजी-आजोबांची सही अवश्य घ्यावी.

वेळ. एक धडा तीन ते पाच मिनिटांचा असावा आणि दिवसातून तीन धडे व्हावेत. जेवणापूर्वीची वेळ उत्तम. कुत्रा जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, मान वळवू लागला किंवा मध्येच अंग खाजवायला बसला, तर त्याला ताण येत आहे असे समजून एक सोपी गोष्ट करून घ्यावी आणि थांबावे.

## टप्पा २: खुणेचा शब्द

कुत्र्याने योग्य कृती केली तो नेमका क्षण त्याला कळावा लागतो. खाऊ पिशवीतून काढून तोंडापर्यंत नेईस्तोवर तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात बसलेला कुत्रा उठून उभा राहिलेला असतो. म्हणजे खाऊ मिळतो तो उभे राहण्याबद्दल. मधली ही फट एका आखूड शब्दाने बुजवावी लागते. ‘येस’ हा शब्द चालतो. क्लिकर (दाबल्यावर ‘टिक्’ आवाज करणारे छोटे साधन) असल्यास तोही चालतो.

१. कुत्रा शांत असताना एकाच स्वरात ‘येस’ म्हणावे.
२. शब्द पूर्ण झाल्यावरच हात खाऊकडे न्यावा आणि लगेच तुकडा द्यावा.
३. असे पंधरा-वीस वेळा करावे. या वेळी कुत्र्याकडून कोणतीही कृती अपेक्षित नाही.

इथली नेहमीची चूक हाताची असते. बोलण्याआधीच हात पिशवीत जातो, त्यामुळे कुत्रा शब्द ऐकण्याऐवजी हातावर नजर ठेवतो. शक्य असल्यास घरातल्या कोणाला मोबाइलवर चित्रण करायला सांगावे. आपला हात किती उतावीळ आहे हे तेव्हाच दिसते.

> पडताळणी: कुत्रा दुसरीकडे पाहत असताना ‘येस’ म्हटल्यावर तो झटकन मान वळवून खाऊ शोधतो का? वळवत असेल तरच पुढे जावे.

## टप्पा ३: नाव

नाव एकदाच घ्यावे. कुत्र्याने पाहिले की ‘येस’ आणि खाऊ. पाहिले नाही तर नाव पुन्हा न घेता जिभेने ‘टक्’ आवाज करावा किंवा मांडीवर हलकी थाप मारावी आणि त्याने पाहताच ‘येस’ म्हणावे. नाव रागावण्यासाठी कधीही वापरू नये. चप्पल फाडल्यावर सगळे घर ज्या नावाने ओरडते, ते नाव ऐकून मैदानावर कुत्र्याने धावत यावे ही अपेक्षा चुकीची आहे.

## टप्पा ४: बस

हा टप्पा सविस्तर दिला आहे, कारण शिकवण्याची रीत इथेच हाताला बसते आणि पुढे तीच वापरायची आहे.

१. चिमटीत खाऊ धरून तो कुत्र्याच्या नाकाला जवळजवळ टेकवावा.
२. चिमूट हळूहळू वर आणि किंचित मागे, दोन्ही कानांच्या मधोमध न्यावी. नाक वर गेले की पार्श्वभाग आपोआप खाली येतो.
३. पार्श्वभाग जमिनीला टेकताच ‘येस’ म्हणावे आणि तुकडा द्यावा. या वेळी ‘बस’ म्हणायचे नाही.
४. दुसरा तुकडा थोडा दूर टाकून कुत्र्याला उठवावे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.
५. पाच-सहा वेळा जमल्यावर हात रिकामा ठेवून तीच हालचाल करावी. कुत्रा बसला की ‘येस’ म्हणून खाऊ मागच्या टेबलावरील वाटीतून द्यावा.
६. रिकाम्या हाताच्या खुणेवर दहापैकी आठ वेळा कुत्रा बसू लागला की शब्द आणावा. ‘बस’ म्हणावे, एक सेकंद थांबावे आणि मग हाताची खूण करावी.
७. काही दिवसांत तो त्या एका सेकंदातच बसू लागतो. तेव्हा खूण हळूहळू बारीक करत बंद करावी.

सहाव्या पायरीतला एक सेकंद फार महत्त्वाचा आहे. कुत्रा माणसाच्या बोलण्यापेक्षा अंगाच्या हालचाली अधिक चटकन वाचतो. शब्द आणि खूण एकाच वेळी दिल्यास तो खूण पकडतो आणि शब्द सोडून देतो. वर्षभर ‘बस’ ऐकूनही मालकाचे दोन्ही हात पिशव्यांनी अडकलेले असताना कुत्रा का बसत नाही, याचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

कुत्रा उडी मारत असेल तर हात फार उंच जात आहे. मागे सरकत असेल तर हात जास्त मागे जात आहे. अशा वेळी त्याची पाठ भिंतीच्या कोपऱ्याकडे करून घ्यावी. कंबर दाबून बसवू नये. पिल्लाच्या सांध्यांवर भार पडतो आणि दाबाविरुद्ध अंग ताठ करण्याची सवय लागते.

> पडताळणी: हात पाठीमागे बांधून, चेहरा आणि मान न हलवता, एकदाच ‘बस’ म्हणावे. बसला तर शब्द कळला. न बसल्यास पाचव्या पायरीवर परत जावे.

## टप्पा ५: थांब

थांबण्यात वेळ, अंतर आणि आजूबाजूचा गोंधळ अशा तीन गोष्टी असतात. एका वेळी एकच वाढवायची. सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, कारण कुत्रा समोर दहा सेकंद थांबला की मालक उत्साहाने थेट दुसऱ्या खोलीत निघून जातो.

आधी फक्त वेळ वाढवावा. कुत्र्याला बसवावे, एक सेकंदाने ‘येस’ म्हणून खाऊ तो बसलेला असतानाच द्यावा आणि मग ‘सुट्टी’ म्हणून त्याला उठू द्यावे. पुढे दोन, तीन, पाच, आठ असे सेकंद वाढवत न्यावेत. मधूनच पुन्हा दोनवर यावे, म्हणजे काम सतत कठीणच होत जाते असे त्याला वाटत नाही. पंधरा सेकंद सहज जमू लागले की ‘थांब’ हा शब्द आणि आपल्या हाताच्या उघड्या पंजाची खूण जोडावी. त्यानंतर अंतर घ्यावे. अंतराची सुरुवात करताना वेळ पुन्हा एका सेकंदावर आणावा: एक पाऊल मागे, लगेच परत, ‘येस’. गोंधळ सर्वांत शेवटी, म्हणजे कोणी खुर्ची सरकवणे, चेंडू घरंगळणे, दाराची बेल वाजणे.

खाऊ देण्यासाठी नेहमी आपण कुत्र्याकडे परत यावे. थांबलेल्या कुत्र्याला दुरून हाक मारून बोलावत गेल्यास तो हाकेची वाट पाहत अर्धवट उठलेलाच राहतो.

कुत्रा मध्येच उठला तर ओरडू नये. त्याला शांतपणे मूळ जागी आणावे आणि पुढचा प्रयत्न निम्म्या वेळाचा ठेवावा. लागोपाठ दोनदा उठणे म्हणजे आपण पायऱ्या गाळल्या.

## टप्पा ६: इकडे

या सगळ्यांत एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल, तर ही शिकवावी. दार उघडे राहिले, हार्नेसची कडी निसटली किंवा दिवाळीत फटाका फुटला, तर कुत्र्याचा जीव या एका शब्दावर अवलंबून असतो. तरीही घराघरात सर्वाधिक नासवला जातो तो हाच शब्द: आंघोळीसाठी, नखे कापण्यासाठी, औषधासाठी, खेळ संपवून घरी नेण्यासाठी. चारपैकी तीन वेळा येण्याचा शेवट नकोशा गोष्टीत होत असेल, तर न येणेच कुत्र्याला शहाणपणाचे वाटणार. नकोशा कामासाठी आपण उठून त्याच्याकडे जावे.

१. घरात दोन पावलांवरून सुरुवात करावी. खाली बसावे, हात पसरावेत आणि कुत्रा येऊ लागताच आनंदाने बोलत राहावे.
२. तो जवळ आला की ‘येस’ म्हणावे, एका हाताने गळपट्टा हलकेच धरावा आणि मगच दुसऱ्या हाताने खाऊ द्यावा. गळपट्टा धरण्याची सवय न लावल्यास कुत्रा हातभर अंतरावर येऊन हुलकावणी देतो.
३. त्याला लगेच ‘सुट्टी’ देऊन परत खेळू द्यावे.
४. आपण हालचाल करताच तो येणार याची खात्री पटू लागली की, तो निघण्याच्या किंचित आधी ‘इकडे’ म्हणावे.
५. पुढे घरातील दोघांनी दोन खोल्यांतून आळीपाळीने बोलवावे, त्यानंतर सोसायटीच्या बंद पॅसेजमध्ये आणि मग मैदानावर लांब दोरी लावून.

मैदानावर खाऊचा दर्जा वाढवावा. घरात गाजरावर काम करणारा कुत्रा गवतातल्या वासापुढे गाजराकडे ढुंकूनही पाहत नाही. तिथे चिकन किंवा पनीर लागते. बोलावल्यावर तीन सेकंदांत तो वळला नाही तर शब्द पुन्हा उच्चारू नये. दोरीच्या आधाराने त्याच्याकडे चालत जावे, नाकासमोर खाऊ दाखवून काही पावले सोबत आणावे आणि पुढची हाक कमी अंतरावरून द्यावी. दहा प्रयत्नांत दोनदा चुकला तर चालते. त्याहून अधिक चुकल्यास जागा त्याच्यासाठी अजून कठीण आहे.

कुत्रा सुटला आणि येत नसेल तर त्याच्यामागे धावू नये, कारण पाठलाग हा त्याचा आवडता खेळ आहे. त्याच्याकडे पाठ करून विरुद्ध दिशेला पळत सुटावे किंवा जमिनीवर बसून काहीतरी सापडल्यासारखे करावे. आणि अर्ध्या तासाने जरी आला, तरी त्याला रागावू नये. त्याच्या लेखी ती शिक्षा पळण्याची नसून येण्याची ठरते.

> सावधान: लांब दोरी नेहमी हार्नेसला अडकवावी, गळपट्ट्याला नाही, वेगात धावताना मानेला हिसका बसतो. दोरी हाताला गुंडाळू नये. इमारतीच्या गच्चीवर धावण्याचे धडे देऊ नयेत; कठडा कितीही उंच वाटला तरी नाही.

## टप्पा ७: लीशवर सैल चालणे

ओढणारा कुत्रा ओढत राहतो, कारण ओढून त्याला हवे तिथे पोहोचता येते. तेवढे बंद करायचे आहे.

१. घरात लीश लावून फिरावे. कुत्रा आपल्या पायाजवळ आला की त्याच बाजूला, मांडीच्या शिवणीजवळ खाऊ द्यावा. खाऊ समोर दिल्यास तो आडवा येतो आणि पायात अडखळतो.
२. लिफ्टमधून बाहेर पडताच पहिली दोन मिनिटे एका जागी उभे राहावे. उत्साह उतरल्याशिवाय चालू नये.
३. लीश सैल असेल तेवढा वेळ चालावे. ताणली गेली की खांबासारखे थांबावे. हिसका देऊ नये, बोलूही नये.
४. कुत्र्याने मागे वळून पाहिले किंवा लीश सैल केली की ‘येस’ म्हणून पुन्हा चालू लागावे.

पहिल्या आठवड्यात फाटकापर्यंतही पोहोचणे होत नाही, हे गृहीत धरावे. घाईच्या दिवशी, म्हणजे ऑफिसची वेळ झालेली असताना शिकवायचेच नाही. त्या फेरीसाठी हार्नेस आणि शिकवण्याच्या फेरीसाठी गळपट्टा असा भेद ठेवल्यास कुत्र्याला दोन्हींतला फरक कळतो आणि आपलाही नियम मोडत नाही. वास घेण्यासाठी मात्र वेळ द्यावा; ‘सुट्टी’ म्हणून झाडाखाली दोन मिनिटे सोडणे हे खाऊइतकेच मोठे बक्षीस आहे.

भटकी कुत्री समोर आली तर लीश आखडून घेऊ नये, कारण तो ताण आपल्या कुत्र्याला धोक्याची सूचना वाटतो. दुरूनच मोठा वळसा घ्यावा, धावू नये आणि त्यांच्याकडे टक लावून पाहू नये.

> सावधान: मार्च ते मे या काळात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, सकाळी सातपूर्वी आणि सूर्यास्तानंतरच बाहेर न्यावे. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे तळवे भाजणार. चपट्या नाकाच्या पगसारख्या जातींना उष्माघात लवकर होतो.

## टप्पा ८: सोड

खेळण्याने खेळताना त्याच्या नाकापुढे खाऊ धरावा. तोंड उघडून खेळणे पडले की ‘येस’ म्हणावे, खाऊ द्यावा आणि खेळणेही परत द्यावे. सोडल्यावर वस्तू कायमची जात नाही हा विश्वास बसल्यावर ‘सोड’ हा शब्द जोडावा. बिर्याणीच्या गाडीपाशी पडलेले हाड त्याने उचलले तर तोंडात बोटे घालण्याऐवजी याच सवयीचा उपयोग होतो. वस्तू विषारी असल्याची शंका आली तर धडा बाजूला ठेवून थेट पशुवैद्य गाठावा.

> सावधान: अन्न किंवा खेळण्याजवळ गेल्यावर कुत्रा गुरगुरत असेल तर त्याला मारू नये. गुरगुरणे हा इशारा आहे. तो दाबला तर पुढच्या वेळी कुत्रा इशारा न देता चावतो. अशा कुत्र्यासाठी पशुवैद्याचा आणि वर्तनाच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे. दात किंवा नख लागल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरकडे जावे.

## टप्पा ९: जागा बदलणे आणि खाऊ कमी करणे

हॉलमध्ये बसणारा कुत्रा जिन्यात बसत नाही, तेव्हा तो मुद्दाम करतो असे मानू नये. त्याने शिकलेले ‘बस’ सतरंजीसह, त्या खोलीसह आणि समोर उभ्या असलेल्या माणसासह शिकलेले असते. प्रत्येक नव्या ठिकाणी हाताच्या खुणेपासून पुन्हा सुरुवात करावी. दर ठिकाणी लागणारा वेळ कमी होत जातो. स्वयंपाकघर, जिना, लिफ्ट, पार्किंग, फाटक आणि रस्ता असा क्रम ठेवावा. ओळखीच्या वॉचमनला पाच मिनिटे थांबवून त्यांच्यासमोर ‘बस’ करून घेणे हा उत्तम सराव आहे.

एका ठिकाणी कृती पक्की झाल्यावर तिथला खाऊ विरळ करावा: कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा, कधी लागोपाठ दोनदा. ‘येस’ किंवा कौतुक मात्र चालू ठेवावे. खाऊ एकदम बंद करणे ही चूक आहे, आणि खाऊची पिशवी दाखवल्याशिवाय आज्ञा न देणे ही तितकीच मोठी चूक आहे. ‘इकडे’साठीचा खाऊ शेवटपर्यंत बंद करू नये.

साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या वयात अनेक कुत्री शिकलेले विसरल्यासारखी वागतात आणि बाहेरच्या वासांना मालकापेक्षा अधिक महत्त्व देऊ लागतात. या काळात आवाज चढवण्याऐवजी लांब दोरी पुन्हा काढावी, अंतर निम्मे करावे, खाऊचा दर्जा वाढवावा आणि सहाव्या टप्प्याची पहिली पायरी पुन्हा सुरू करावी.